गोव्यातल्या लहान पक्षांना बारा दिवस पुरत नाहीत

गोव्यात लहान पक्षाला विधानसभा लढवायला दहा हजार रुपये अनामत आणि दहा सूचक, म्हणजे अर्जावर सही करून उमेदवाराचे नाव सुचवणारे मतदार, लागतात. वरवर पाहता दार उघडेच आहे. २०२२ साली ४० जागांसाठी ३०१ उमेदवार रिंगणात होते, म्हणजे दर मतदारसंघात सरासरी सात-आठ. मग लहान पक्षांची तक्रार कशाची आहे, असा प्रश्न मोठ्या पक्षांचे प्रवक्ते विचारतात आणि ऐकणाऱ्याला तो पटतोही.

तक्रार चिन्हाची आहे आणि चिन्ह कधी हाती पडते याची आहे. मतदानयंत्रावर पक्षाचे नाव छापलेले नसते. अनुक्रमांक, उमेदवाराचे नाव, २०१५पासून त्याचे छायाचित्र आणि चिन्ह, एवढेच मतदाराला दिसते. ज्या पक्षाचे चिन्ह राखीव आहे, त्याचा कार्यकर्ता पाच वर्षे तेच चिन्ह घरोघरी नेतो. ज्याचे चिन्ह राखीव नाही, त्याला ते अर्ज माघारी घेण्याची मुदत संपल्यावर मिळते. २०२२च्या वेळापत्रकात हा फरक स्पष्ट दिसतो. अधिसूचना २१ जानेवारीला निघाली, अर्ज २८ जानेवारीपर्यंत, छाननी २९ला आणि माघार ३१ जानेवारीला दुपारी तीनपर्यंत. मतदान १४ फेब्रुवारीला होते आणि प्रचार १२ तारखेच्या संध्याकाळी थांबला. म्हणजे मुक्त चिन्हावर लढणाऱ्याच्या हाती बारा दिवस उरले. त्यातले पहिले दोन-तीन तर छापखान्यात जातात, कारण चिन्ह नक्की होईपर्यंत पत्रक छापता येत नाही, फलक रंगवता येत नाही.

चिन्हाचे वजन किती असते हे साताऱ्यात २०२४च्या लोकसभा निवडणुकीत सगळ्यांनी पाहिले. तिथे विजयाचे अंतर ३२,७७१ मतांचे होते आणि तुतारी हे मुक्त चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला ३७,०६२ मते पडली. दुसऱ्या क्रमांकावरच्या पक्षाचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस होते. ती सगळी मते गोंधळातूनच पडली असे कुणी शपथेवर सांगू शकणार नाही, पण या साधर्म्याची तक्रार पक्षाने निवडणूक आयोगाकडे केली. हे ज्या पक्षाबाबत घडले त्याचे नेते पन्नास वर्षे राजकारणात होते. कालपरवा स्थापन झालेल्या पक्षाची काय कथा?

आता गोव्याचे आकारमान बघा. एका विधानसभा मतदारसंघात साधारण २८ ते २९ हजार मतदार. सांत आंद्रेची जागा २०२२ साली ७६ मतांनी गेली. इतक्या लहान मतदारसंघात शंभर मतदार चुकीच्या बटणावर गेले तर निकाल बदलतो. चिन्ह उशिरा मिळण्याचा फटका उत्तर प्रदेशातल्या तीन-साडेतीन लाखांच्या मतदारसंघापेक्षा इथे जास्त बसतो.

यावर एक उपाय आधीच आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. १९६८च्या निवडणूक चिन्हे आदेशातल्या परिच्छेद १०ब नुसार नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त (आयोगाने राज्य किंवा राष्ट्रीय पक्ष म्हणून मान्यता न दिलेल्या) पक्षाला सगळ्या उमेदवारांसाठी एकच समान चिन्ह मागता येते. विधानसभेची मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतले जातात आणि अधिसूचनेच्या पाच दिवस आधी खिडकी बंद होते. किमान पाच टक्के जागा लढवाव्या लागतात. गोव्यात ४०चे पाच टक्के म्हणजे दोनच. अर्जात मुक्त चिन्हांच्या यादीतली दहा चिन्हे पसंतीक्रमाने लिहायची असतात, शिवाय स्वतःची तीन नवी चिन्हे रेखाटून सुचवता येतात. पशुपक्षी चालत नाहीत, धार्मिक किंवा जातीय छटा असलेले चिन्ह चालत नाही. (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा सिंह जुना म्हणून टिकला आहे, आज कुणी नव्याने सिंह मागितला तर मिळणार नाही.) आणि इथे सगळ्यात महत्त्वाचे: ज्याचा अर्ज आधी, त्याला आधी. दोन पक्षांनी एकच चिन्ह मागितले तर अर्ज पोचण्याचा क्रम निर्णायक ठरतो.

या सवलतीला तीन खाचाखोचा आहेत. पहिली, पक्षाने मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, देणग्यांचे अहवाल आणि मागच्या निवडणुकांच्या खर्चाची विवरणे दिलेली असली पाहिजेत. वीस हजारांवरची एकही देणगी आली नसेल तरी ते लेखी कळवावे लागते, हे अनेकांच्या गावीही नसते. दुसरी, सवलत सुरुवातीला सहज मिळते, पुढे मात्र आधीच्या निवडणुकीत राज्यातल्या एकूण वैध मतांच्या किमान एक टक्का मते पडलेली असावी लागतात. तिसरी खोच युती करणाऱ्यांना नडते. समान चिन्ह हे राखीव चिन्ह नसते. ज्या मतदारसंघात पक्ष स्वतः उभा नाही तिथे तेच चिन्ह एखाद्या अपक्षाला जाऊ शकते. आंध्र प्रदेशात २०२४ साली जनसेना पक्षाच्या ग्लासावरून हाच वाद उच्च न्यायालयात गेला. गोव्यात दोन पक्षांनी जागा वाटून घेतल्या आणि आपण सोडलेल्या जागेवर आपलेच चिन्ह घेऊन भलताच कुणी उभा राहिला, तर नुकसान मित्रपक्षाचे होते आणि संशय आपल्यावर येतो.

समान चिन्हाच्याही आधी पक्षाची नोंदणी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली पक्ष स्थापन झाल्यापासून तीस दिवसांच्या आत आयोगाकडे अर्ज जावा लागतो. ही मुदत चुकली की पुन्हा सभा, पुन्हा ठराव, पुन्हा पहिल्यापासून सगळे. दहा हजार रुपयांचा डिमांड ड्राफ्ट, पक्षाची घटना आणि किमान शंभर सदस्य, जे सगळे मतदार असले पाहिजेत आणि दुसऱ्या कुठल्याही नोंदणीकृत पक्षाचे सदस्य नसले पाहिजेत. तशी त्यांची प्रतिज्ञापत्रे लागतात. घटनेत संविधानावर निष्ठा, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही ही तत्त्वे कायद्याच्या शब्दांत यावी लागतात. आपल्या भाषेत सुंदर करून लिहिले की अर्ज परत येतो. मग दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत, प्रत्येकी दोन दिवस, जाहीर सूचना द्यायची. हरकतींसाठी तीस दिवस. नावावर हरकत आली तर बदल, पत्रव्यवहार, आणखी काही आठवडे. निवडणुकीच्या वर्षात दिवाळीनंतर पक्ष काढणाऱ्याला हे जमत नाही.

पण इच्छा असली की आयोगाला वेळ कमी करता येतो. करोनाच्या निर्बंधांमुळे १४ जानेवारी २०२२ रोजी आयोगाने गोव्यासह पाच राज्यांत हरकतींची मुदत तीस दिवसांवरून सात दिवसांवर आणली होती. त्याने आकाश कोसळले नाही. तीस दिवसांचा आकडा म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे येऊ, कारण उमेदवारी बाद होते ती इथे. विधानसभेसाठीच्या २ब नमुन्याचे वेगवेगळे भाग आहेत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराने पहिला भाग भरायचा; त्याला एक सूचक पुरतो. बाकी सगळ्यांनी, म्हणजे नोंदणीकृत अमान्यताप्राप्त पक्ष आणि अपक्ष यांनी दुसरा भाग. त्यात दहा ओळी असतात. प्रत्येक ओळीत मतदारयादीचा भाग क्रमांक, त्या भागातला अनुक्रमांक, पूर्ण नाव, सही आणि तारीख. दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. ही अट सोपी दिसते आणि तिथेच घात होतो. फोंडा तालुक्यात फोंडा, प्रियोळ, मडकई आणि शिरोडा असे चार मतदारसंघ आहेत. माणूस राहतो फोंड्याला, दुकान फोंड्याला, सगळे त्याला फोंडेकर म्हणून ओळखतात, पण मतदारयादीत नाव मडकईच्या भागात. त्याची सही फोंड्याच्या अर्जावर असली तर नऊच सूचक उरले, आणि नऊ सूचकांचा अर्ज बादच होतो. अंगठा लावणारा सूचक असेल तर तो अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा अधिकृत अधिकाऱ्यासमोर साक्षांकित व्हावा लागतो. घरी अंगठा घेऊन आणला तर तो धरत नाहीत.

त्यात मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणात गोव्याचाही समावेश झाला आहे. नावे वगळली जातात, भाग नव्याने पाडले जातात. २०२२च्या किंवा २०२४च्या यादीवरून क्रमांक उतरवून घेणे म्हणजे छाननीच्या टेबलावर हरकतीला निमंत्रण. अनुक्रमांकातली किरकोळ चूक कायद्याने क्षम्य आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ३६(४) म्हणते की महत्त्वाच्या स्वरूपाचा नसलेला दोष अर्ज बाद करायला पुरेसा नाही. पण सूचक मतदारयादीत सापडलाच नाही, तर तो दोष किरकोळ कसा म्हणणार?

एका उमेदवाराला एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच भरायची असते. जाणकार पक्ष किमान दोन अर्ज भरतात आणि दोन्हींवर वेगळे दहा-दहा सूचक घेतात. का, ते सुरतेत २०२४ साली दिसले. तिथे काँग्रेसच्या लोकसभा उमेदवाराच्या सूचकांनी सह्या आपल्या नाहीत असे सांगितले, अर्ज बाद झाले आणि भाजपचा उमेदवार बिनविरोध निवडून आला. राष्ट्रीय पक्षाचे, एकेक सूचक लागणाऱ्या अर्जांचे असे होते, तर दहा सह्यांच्या अर्जाचे काय? अर्ज जाहीर असतो, सह्या जाहीर असतात. २८ हजार मतदारांच्या मतदारसंघात सूचक कोण हे दुसऱ्या दिवशी गावभर होते. ज्याचा मुलगा सरकारी नोकरीच्या यादीत आहे, जिचे घरदुरुस्तीचे प्रकरण पंचायतीत अडकले आहे, त्यांनी सत्ताधाऱ्यांच्या विरोधातल्या नव्या पक्षाच्या अर्जावर सही करायची तर छातीला हात लावूनच करावी लागते. दहा हा आकडा म्हणून कमी आहे, पण गोव्यात त्या दहा सह्यांवर येणारा दबाव मोठा आहे आणि तो कुठल्याही नियमपुस्तकात मोजलेला नाही.

पक्षाच्या चिन्हासाठी आणखी दोन कागद लागतात: नमुना अ आणि नमुना ब. अ मध्ये पक्षाचा अध्यक्ष किंवा सचिव कळवतो की उमेदवारी देण्याचा अधिकार कुणाला आहे. ब मध्ये तो अधिकारी उमेदवाराचे नाव कळवतो. दोन्हींवर शाईची मूळ सही. शिक्क्याची सही, झेरॉक्स, फॅक्स काहीही चालत नाही. दोन्ही कागद अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचले पाहिजेत. अध्यक्ष मडगावला सभेत, उमेदवार पेडण्याला रांगेत आणि नमुना ब वाटेत झुआरी पुलावर, असे झाले की दहा सूचक असलेला उमेदवार अपक्ष म्हणून उरतो आणि सहा महिने आधी मिळवलेले समान चिन्ह त्या मतदारसंघापुरते गेले.

प्रतिज्ञापत्राचा नमुना २६ नोटरीसमोर करायचा, एकही रकाना मोकळा ठेवायचा नाही. लागू नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहायचे. रेघ मारली की वाद सुरू. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले की अधिकाऱ्याने आठवण दिल्यावरही रकाने मोकळे राहिले तर अर्ज बाद करता येतो. अनामत रोख किंवा कोषागाराच्या चलनाने भरायची, धनादेश घेत नाहीत. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ती निम्मी, पाच हजार. निवडणूक खर्चासाठी वेगळे बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेले हवे. बँकेत 'उद्या या' म्हणाले तर तो उद्या शेवटचा दिवस असू शकतो. आणि शपथ. अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या तारखेआधी संविधानावर निष्ठेची शपथ घ्यावी लागते. अर्ज स्वीकारला, पावती मिळाली, कार्यकर्ते फोटो काढायला बाहेर गेले आणि शपथ राहून गेली, असे प्रकार देशभर दर निवडणुकीत होतात. अधिकाऱ्याने कागदपत्रांची तपासयादी दिली की ती घरी न नेता तिथेच वाचावी.

या सगळ्याला वेळ किती? २०२२मध्ये २१ ते २८ जानेवारी. त्यातून रविवार आणि २६ जानेवारी वजा केले तर फार तर सहा दिवस, रोज अकरा ते तीन. म्हणजे २४ तास. अर्ज उमेदवाराने किंवा सूचकानेच नेऊन द्यायचा. कार्यकर्त्याच्या हाती पाठवला तर तो दिला असे धरत नाहीत. आणि अर्ज चुकीने बाद झाला तर? मतदान होईपर्यंत न्यायालय हात घालत नाही. १९५२च्या पोन्नुस्वामी निकालापासून हा दंडक आहे. निकालानंतर ४५ दिवसांत निवडणूक याचिका करायची, मग मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात ती चालणार. अर्ज अयोग्य रीतीने बाद झाला असे सिद्ध झाले तर निवडणूकच रद्द होते. पण तोवर वर्षे निघून जातात, पक्ष विस्कटतो आणि वकिलाचे बिल मात्र उरते.

या अटी कुठून आल्या हेही सांगायला हवे, कारण त्या केवळ लहानांना छळायला आणलेल्या नाहीत. १९९६ साली तमिळनाडूतल्या मोडकुरिची मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे राहिले. त्याच वर्षी बेळगावात लोकसभेला सीमाप्रश्नाच्या निषेधापोटी उमेदवारांचा पूर आला, आकडा ४५६वर गेला. मतपत्रिका वर्तमानपत्राएवढ्या झाल्या. मग संसदेने विधानसभेची अनामत २५० रुपयांवरून ५ हजारांवर नेली, पुढे २०१०पासून ती दहा हजार झाली. दहा सूचकांची अटही तेव्हाचीच. परिणाम ताबडतोब दिसला: लोकसभेचे उमेदवार १९९६मध्ये १३,९५२ होते, १९९८मध्ये ४,७५० उरले. निवडणूक यंत्रणेला अशी काही चाळणी लागते, हे मान्य. एका मतदानयंत्रावर नोटा धरून सोळाच नावे बसतात.

पण चाळणीची जाळी सगळीकडे एकाच मापाची ठेवल्याने गोव्यासारख्या राज्यावर अन्याय होतो, आणि तो सर्वाधिक होतो मान्यतेच्या निकषांत. राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळण्याचे पाच मार्ग आहेत. विधानसभेला सहा टक्के मते आणि दोन आमदार. लोकसभेला सहा टक्के मते आणि एक खासदार. राज्याच्या वाट्याच्या दर २५ किंवा त्याहून कमी लोकसभा जागांमागे एक खासदार, म्हणजे गोव्यात दोनपैकी एक. विधानसभेच्या तीन टक्के किंवा तीन, यांपैकी जास्त असेल तेवढ्या जागा. आणि २०११पासून, एकही जागा नसली तरी आठ टक्के मते.

गेल्या दोन निवडणुका या पट्टीवर ठेवून बघा. २०१७ साली गोवा फॉरवर्ड चारच जागा लढला आणि तीन जिंकला, तीन जागांच्या अटीत बसला, नारळ हे चिन्ह त्याचे झाले. त्याच वर्षी आम आदमी पक्षाने सहा टक्क्यांहून जास्त मते घेतली, पण एकही जागा न आल्याने गोव्यात मान्यता नाही. २०२२ला त्याच पक्षाची मते साधारण तेवढीच राहिली, बाणावली आणि वेळ्ळी या दोन जागा आल्या आणि मान्यता मिळाली. रिव्होल्युशनरी गोवन्सची त्या वेळी एकच जागा आली, सांत आंद्रे, पण मते नऊ टक्क्यांच्या वर गेली आणि आठ टक्क्यांची अट पार झाली. २०११ची दुरुस्ती झाली नसती तर गोव्यातल्या जवळपास अकरापैकी एका मतदाराचा कौल मान्यतेच्या हिशेबात शून्य ठरला असता.

तीन जागांची अट गोव्यात किती जड आहे? महाराष्ट्रात २८८चे तीन टक्के म्हणजे नऊ जागा, सभागृहाचा बत्तिसावा भाग. गोव्यात तीन जागा म्हणजे ४०चे साडेसात टक्के. सिक्कीमच्या ३२ जागांत ती नऊ टक्क्यांवर जाते, पुद्दुचेरीच्या ३० निवडून आलेल्या जागांत दहा टक्के. राज्य जितके लहान तितकी पायरी उंच, असा हा उलटा हिशेब आहे. उलट बाजूने म्हणता येईल की गोव्यात दोन-तीन आमदार स्वतःच्या नावावर निवडून येतात, पक्ष नावापुरता असतो. जागांची अट सैल केली तर दोन वजनदार माणसांच्या खिशातला पक्षही मान्यताप्राप्त होईल. ही भीती खरी आहे. म्हणून नुसत्या दोन जागा पुरेशा धरू नयेत. साठपेक्षा कमी जागांच्या राज्यांत दोन जागा आणि किमान तीन टक्के मते, असा निकष असावा. तो खिशातल्या पक्षाला अडवतो आणि गावोगाव मते असलेल्या पक्षाला सोडतो.

मान्यतेला इतके महत्त्व का, असे कुणी विचारेल. कारण पुढचे सगळे तिला बांधलेले आहे. एक सूचक, राखीव चिन्ह, मतदारयादीची विनामूल्य प्रत, आकाशवाणी-दूरदर्शनवर वेळ, यादी दुरुस्तीच्या कामात मतदान केंद्रस्तरीय प्रतिनिधी नेमण्याचा हक्क, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या बैठकांचे निमंत्रण. मतदानयंत्रावर नावांचा क्रमसुद्धा: आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत अमान्यताप्राप्त पक्षांचे, शेवटी बाकीचे. नाव 'अ'वरून असले तरी लहान पक्षाचा उमेदवार पहिल्या गटाच्या खालीच. स्टार प्रचारक मान्यताप्राप्त पक्षाला ४०, इतरांना २०. यातली मतदारयादीची गोष्ट मला सगळ्यात अन्यायाची वाटते. ज्याला दहा सूचक शोधायचे आहेत त्याला यादी विकत घ्यावी लागते आणि ज्याला एकच पुरतो त्याला ती फुकट.

अनामत जप्त होण्याची पट्टीही फेरविचाराला हवी. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते पडली तरच पैसे परत. गोव्यात २२ हजार वैध मते धरली तर ३,६६७ मते लागतात. सात-आठ उमेदवारांच्या लढतीत तीन हजार मते घेणारा उमेदवार काही हौशी नसतो. ब्रिटनमध्ये १९८५पासून पाच टक्के मतांवर अनामत परत मिळते. इथे दहा टक्के केली तरी हौश्यागवश्यांना चाप राहील. चाळीसही जागा लढवणाऱ्या पक्षाची अनामतच चार लाखांच्या घरात जाते, आणि लहान पक्षाला ती परत येण्याची आशा नसते.

लहान पक्षांना मुळे धरायला जागा कुठे आहे? गोव्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, नगरपालिकांच्याही नाहीत. जिल्हा पंचायती तेवढ्या पक्षीय पातळीवर होतात, त्या राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिथली मते भारत निवडणूक आयोगाच्या मान्यतेच्या हिशेबात येत नाहीत. म्हणजे पाच वर्षांतून एकदा विधानसभा, एकदा लोकसभा, आणि लोकसभेच्या दोन अवाढव्य मतदारसंघांत लहान पक्षाचे काय चालणार? पंचायती पक्षमुक्त ठेवण्याच्या बाजूने चांगली कारणे आहेत आणि ते बदला असे मी म्हणत नाही. मात्र समान चिन्ह पुन्हा मिळवण्यासाठी लागणारी एक टक्का मते जिल्हा पंचायतीतही मोजायला हरकत नसावी.

दुसरीकडे मरू घातलेल्या पक्षांची साफसफाईही चालू आहे. २०१९पासून एकही निवडणूक न लढवलेले ३३४ पक्ष आयोगाने ऑगस्ट २०२५मध्ये यादीतून काढले आणि सप्टेंबरात आणखी ४७४. देणग्यांच्या नावाखाली करचुकवेगिरी करणाऱ्या कागदी पक्षांना हा धडा हवाच होता. पण कायद्याने आयोगाला नोंदणी रद्द करण्याचा सरळ अधिकार दिलेला नाही, हे २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले होते. गोव्यातला खरा, पण पैशाअभावी एक निवडणूक गाळणारा पक्ष आणि नुसता पावतीपुस्तक असलेला पक्ष यांत फरक करणारी पद्धत हवी. वार्षिक हिशेब आणि सदस्यनोंदणी बघून तो करता येतो.

मत फोडणारे, हा लहान पक्षांवरचा नेहमीचा शिक्का. २०२२नंतर तो इथे पुन्हा पुन्हा मारला गेला. पण ज्या सभागृहात जुलै २०१९मध्ये काँग्रेसचे दहा आणि सप्टेंबर २०२२मध्ये आठ आमदार एका रात्रीत भाजपमध्ये गेले, तिथे मतदाराने तिसरे बटण शोधले तर दोष त्याचा का? पक्षांतरबंदीत दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले तर ते विलीनीकरण धरतात आणि अपात्रता टळते; ही वाटही लहान पक्षालाच आधी मोडते. मार्च २०१९मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तीनपैकी दोन आमदार फुटले आणि दोन तृतीयांश झाले.

यातले काय कुणाच्या हाती आहे हे वेगळे करून पाहिले पाहिजे, नाहीतर मागणी भलत्याच दारावर जाते. सूचकांची संख्या, अनामत, एक षष्ठांश आणि मतदारयादीची विनामूल्य प्रत या गोष्टी संसदेच्या कायद्यात आहेत. त्या गोव्याच्या दोन खासदारांनी मांडायच्या. मात्र मान्यतेचे निकष, समान चिन्ह आणि त्याचे वेळापत्रक हे सगळे चिन्हे आदेशात आहे, आणि तो आयोगाने स्वतः काढलेला आदेश आहे. तो बदलायला संसद लागत नाही. २०११ला आयोगानेच बदलला, २०१६ला मान्यतेचा आढावा पाच वर्षांऐवजी दोन निवडणुकांनंतर घेण्याचे आयोगानेच ठरवले. समान चिन्ह ज्या पक्षाला दिले ते त्या राज्यातल्या सर्व मतदारसंघांत मुक्त यादीतून काढून ठेवायचे, एवढी एक ओळ आयोग एका बैठकीत घालू शकतो. सूचकांच्या सह्या अधिसूचनेच्या आधी पंधरा दिवस मामलेदार कार्यालयात पडताळून घेण्याची सोय आयोगाच्या सूचनेने होऊ शकते. आधी पडताळलेली सही छाननीत नाकारायला कुणी धजणार नाही, आणि सूचकावर रातोरात दबाव आणण्यात अर्थ उरणार नाही. छाननीत बाद झालेल्या अर्जावर मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे २४ तासांत फेरतपासणीची वाट मात्र कायद्यानेच द्यावी लागेल. छाननी आणि माघार यांत दोन दिवस असतातच.

गोव्याची विधानसभा १५ मार्च २०२२ रोजी पहिल्यांदा भरली, म्हणून तिची मुदत मार्च २०२७च्या मध्याला संपते. समान चिन्हाची खिडकी त्याआधी सहा महिने, सप्टेंबर २०२६च्या मध्याला उघडते. त्या दिवशी अर्ज तयार हवा असेल तर तीन वर्षांचे हिशेब सनदी लेखापालाकडून आधीच तपासून घेतलेले हवेत, दहा चिन्हांचा क्रम कार्यकारिणीच्या ठरावात हवा आणि तीन नवी चिन्हे काळ्या-पांढऱ्या रेषांत, यंत्रावरच्या छोट्या चौकोनात ओळखू येतील अशी काढलेली हवीत. बारीकसारीक नक्षीचे चिन्ह कागदावर छान दिसते आणि यंत्रावर काळा डाग होते. सूचकांची यादी मतदारसंघनिहाय, प्रत्येकी किमान पंचवीस नावांची, नव्या मतदारयादीवरून करावी: वीस दोन अर्जांसाठी, पाच ऐनवेळी माघार घेणाऱ्यांच्या जागी.